ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतंय? पिकअपची डिस्क तिसऱ्यांदा बदलण्याआधी हे बघा

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे यायला लागलं की रस्त्याला लागूनच माझं गॅरेज आहे. कराड-पाटणकडून भाजी, गूळ, पशुखाद्य भरून पिकअप खाली येतात. परतताना जांभ्याचे चिरे, मासळी, मोसमात आंबा घेऊन वर जातात. माझ्याकडे येणाऱ्या ब्रेकच्या तक्रारींत एक तक्रार इतक्यांदा आली आहे की गाडी दारात वळतानाच मला अंदाज येतो. "मिस्त्री, डिस्क बेंड झाली."

पुढच्या चाकांसोबत फिरणाऱ्या दोन्ही ब्रेक डिस्क नव्या टाकल्या की गाडी लोण्यासारखी थांबते. दोन-तीन महिने बरे जातात आणि मग एक दिवस हेळवाकच्या पुढच्या वळणांवर स्टेअरिंग पुन्हा हातात नाचायला लागतं. मालक म्हणतो माल डुप्लिकेट दिला, दुकानदार म्हणतो फिटिंग चुकलं. बहुतेक वेळा दोघांचंही निम्मंच खरं असतं. डिस्क खराब झालेली असते, पण ती खराब करणारी गोष्ट जागची हललेली नसते.

आधी लक्षणं नीट ओळखा

ब्रेक दाबल्यावरच स्टेअरिंग डावी-उजवीकडे थरथरत असेल आणि पाय उचलला की थांबत असेल, तर दोष पुढच्या डिस्कमध्ये किंवा तिच्या बैठकीत आहे. ब्रेक न दाबताही साठ-सत्तरच्या वेगाला थरथर असेल तर आधी टायरवाल्याकडे जाऊन बॅलन्सिंग करून घ्या. तो वेगळा आजार आहे आणि त्याचं औषध स्वस्त आहे.

स्टेअरिंग शांत, पण सीट आणि हौदा हलतोय, ब्रेकचं पेडल पायाखाली उड्या मारतंय, असं असेल तर मागच्या ब्रेकचा ड्रम अंडाकृती झाला असण्याची शक्यता जास्त. खात्री करायची सोपी युक्ती: मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, वीस-पंचवीसच्या वेगात हँडब्रेक हलक्या हाताने ओढा. बटण दाबूनच धरा, म्हणजे सोडता येईल. तेव्हाही तसाच हिसका बसला तर दोष ड्रमचाच.

गाडी एका बाजूला ओढते: एका बाजूचा कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा) अडकलाय, किंवा ब्रेक ऑइलचा होज पाइप आतून बुजलाय, किंवा एका पॅडवर ग्रीस-ऑइल गेलंय. बारीक शिट्टीसारखा आवाज बऱ्याचदा निरुपद्रवी असतो. खरखर मात्र नाही. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर पॅड संपून त्याची पाठ डिस्कला लागली आहे. त्या गाडीने घाट उतरू नका, बाकी सगळं नंतर बघू.

घाटाच्या शेवटी जळका वास आणि पेडल नेहमीपेक्षा खोल जाणं, हे डिस्कच्या वाकडेपणाचं लक्षण नाही. तो उष्णतेचा प्रश्न आहे. पण याच उष्णतेतून पुढे डिस्कचं दुखणं सुरू होतं, म्हणून तेही सांगतो.

डिस्क 'बेंड' होते म्हणजे नेमकं काय होतं

हे एकदा समजलं की खालची प्रत्येक तपासणी का करायची ते आपोआप कळेल.

डिस्क बिडाची असते. पत्र्याच्या ताटासारखी ती सहसा वाकत नाही. होतं असं, की बसवतानाच ती हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसते त्या तुंब्यावर, किंचित तिरकी बसते. किंचित म्हणजे मिलिमीटरचा दहावा-पंधरावा भाग. तेवढ्याने पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही. पण चाक फिरताना, ब्रेक दाबलेला नसतानाही, डिस्कचा तो एक उंचवटा दर फेरीला पॅडला चाटून जातो. हजारो किलोमीटर असं चाटून चाटून डिस्क त्या एका जागी पातळ होते. आता डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही. ब्रेक दाबला की पॅडच्या तावडीतून कधी जाड भाग जातो, कधी पातळ, आणि तोच ठोका स्टेअरिंगमध्ये येतो. जाडीतला फरक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे ०.०२ मिमी असला तरी हाताला कळतो.

नवी डिस्क टाकल्यावर दोन-तीन महिने बरे का जातात, याचं उत्तर हेच. तेवढा काळ तिला झिजायला लागतो.

दुसरी वाट उष्णतेची. तीन टनांची भरलेली गाडी पाचशे मीटर उंची उतरली तर साधारण चार युनिट विजेएवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पन्नास लिटर गार पाणी उकळीला आणता येईल इतकी ती उष्णता आहे. आमच्याकडे हे डोळ्यांसमोरच असतं: याच डोंगरावरून कोयनेचं पाणी खाली येऊन पोफळीला वीज करतं, आणि त्याच उतारावर पिकअपवाले तीच ताकद चार ब्रेकांत जाळतात. मागचे दोन ब्रेक काम करत नसतील तर पुढच्या दोनच डिस्कमध्ये. अशा तापलेल्या डिस्कवर घाटाच्या पायथ्याशी पेडल दाबून चहाला उभं राहिलात, तर पॅडखालच्या जागेवर पॅडच्या मसाल्याचा (घासणाऱ्या भागाचा) थर चिकटतो, शिक्का मारावा तसा. तिथून पुढे तो भाग वेगळा घासतो, वेगळा तापतो.

फुकटातल्या तपासण्या

चाकाचे नट. हसू नका. पंक्चरवाले हवेच्या गनने एक नट जीव खाऊन आवळतात, शेजारचा तसाच. डिस्क चाक आणि हबच्या मध्ये चिमटलेली असते. नट कमीजास्त आवळले की ती तिरकी ताणली जाते. सगळे नट सैल करा आणि समोरासमोरचे घेत, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. थरथर नवीन असेल आणि नुकतंच पंक्चर काढलेलं असेल, तर कधी कधी एवढ्यावरच काम भागतं. जुनी थरथर याने जाणार नाही.

चाक न काढता रिमच्या फटीतून डिस्ककडे बघा. निळसर-जांभळे डाग म्हणजे फार तापली आहे. कडेला उंच ओठ आला असेल तर झिजली आहे. केसासारख्या बारीक, जाळीदार रेषा उष्णतेच्या असतात, त्यावर लक्ष ठेवा. पण एखादी रेषा नखाला अडकत असेल किंवा कडेपर्यंत पोचली असेल तर तिला चीर म्हणतात आणि ती डिस्क भंगारात. लेथवर नेऊ नका.

मग दहा-पंधरा किलोमीटर सपाट रस्त्यावर, कमीत कमी ब्रेक वापरून गाडी चालवा. थांबल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. लावू नका, नुसता जवळ न्या. एका पुढच्या चाकाची धग दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त असेल तर तिथे पॅड सुटत नाहीये. तापमान मोजायची लेझरवाली बंदूक हल्ली स्वस्तात मिळते. माझ्या गॅरेजमध्ये सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू तीच.

याच परीक्षेचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. घाट उतरून आल्यावर मागचे ड्रम बघा. पुढच्या डिस्क भाजून निघाल्यात आणि ड्रम जेमतेम कोमट, तर मागचा ब्रेक नावापुरताच आहे. पुढे नवीन डिस्क किती जोड टाकाल?

मागचा ब्रेक, आणि वाढवलेले पाटे

यावर जरा जास्त लिहितो, कारण डिस्कच्या तक्रारीत मागे वाकून कोणी बघत नाही.

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलपासून चेसीवरच्या एका वाल्वपर्यंत दांडी किंवा स्प्रिंग गेलेली असते. आमच्याकडे त्याला लोड वाल्व म्हणतात. गाडी रिकामी असते तेव्हा मागची चाकं हलकी असतात, लगेच लॉक होऊन घसरतील, म्हणून हा वाल्व मागे ब्रेकचा दाब कमी सोडतो. माल भरला की हौदा खाली बसतो, दांडी हलते, वाल्व उघडतो आणि मागे पूर्ण दाब जातो.

आता मालक काय करतो? जास्त माल बसावा म्हणून पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवतो. पाटे कडक झाले की माल भरूनही गाडी पूर्वीइतकी बसत नाही. वाल्वला वाटतं गाडी रिकामीच आहे. म्हणजे ओझं वाढलं आणि मागचा ब्रेक कमी झाला! काही गाड्यांत दांडी तुटून तारेने बांधलेली सापडते, काहींत वाल्व गंजून एकाच जागी चिकटलेला.

गाडीखाली वाकून दांडी जागेवर आहे का, दोन्ही टोकांची रबरं आहेत का, गाडी भरल्यावर ती हलते का, एवढं कोणीही बघू शकतं. पण तिची लांबी अंदाजाने कमीजास्त करू नका. जास्त दाब सोडलात तर रिकाम्या गाडीची मागची चाकं पावसात लॉक होतील आणि गाडी स्वतःभोवती फिरेल. हे सेटिंग प्रेशर मीटर लावूनच करायचं असतं. पाटे वाढवले असतील तर ज्याच्याकडे मीटर आहे त्याच्याकडे जा.

मागच्या लायनरचं, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांचं, अ‍ॅडजस्टमेंट मात्र सोपं आहे. हँडब्रेक पूर्वीपेक्षा बराच वर येत असेल तर लायनर आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. ड्रम उघडून आतली धूळ हवेने उडवू नका, ती फुफ्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसा. अ‍ॅडजस्टरचं चाक गंजून बसलेलं असतं, ते सोडवा आणि ड्रम फिरवताना अगदी हलका घासल्याचा आवाज येईल एवढं ठेवा. व्हील सिलेंडरच्या रबराखाली ओल दिसली तर तो गळतोय. तसा ठेवून पुढे जाऊ नका.

चाक काढून करायच्या तपासण्या

सपाट, कडक जमीन. हँडब्रेक, गिअर, मागच्या चाकांपुढे-मागे दगड. नट जमिनीवर असतानाच सैल करा, मग जॅक. जॅकवर गाडी उचलायची असते, टेकवून ठेवायची नसते. चेसीखाली स्टँड दिल्याशिवाय हात आत घालू नका. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणाऱ्याला मी गॅरेजमधून बाहेर काढतो, मग तो गिऱ्हाईक का असेना.

चाक काढायच्या आधी ते वर-खाली धरून हलवा. खडखड असेल तर बेअरिंग सैल आहे. चाकच डुलत असेल तर डिस्क सरळ फिरणार कशी? काही पिकअपमध्ये इथे टेपर बेअरिंग असतात आणि नट आवळून ती सेट करता येतात. फार आवळली तर बेअरिंग तापून जळतं, सैल ठेवलं तर डिस्क डुलते. पहिल्यांदा करत असाल तर शेजारी जाणता माणूस उभा करा.

पॅड. आतला आणि बाहेरचा दोन्ही बघा, बाहेरचा बघून समाधान मानू नका. मसाला ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदला. आतला संपलाय आणि बाहेरचा बराच शिल्लक आहे, तर गाईड पिन जाम आहेत किंवा पिस्टन मागे जात नाहीये. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. पिनांची रबरी टोपी फाटली की आत पाणी-माती जाते आणि पिन अडकते. कोकणातला एक पावसाळा त्याला पुरतो. पिन बाहेर काढून पुसा, खड्डे पडलेले असतील तर बदला, नाहीतर ब्रेकसाठीच मिळणारं, उष्णता सोसणारं सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं नेहमीचं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं आणि महिन्याभरात पिन पुन्हा घट्ट. हे 'नेहमीचं ग्रीस' मी शेकडो पिनांवरून खरवडून काढलं असेल.

डिस्कची जाडी. कमीत कमी किती चालेल तो आकडा डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर कोरलेला असतो. गंज असेल तर वायर ब्रश मारून वाचा. साध्या व्हर्निअरने मोजू नका, कडेचा ओठ मध्ये येतो आणि जाडी खोटी जास्त दिसते. मायक्रोमीटर घ्या, कडेपासून दीडेक सेंटीमीटर आत, गोलाकार आठ ठिकाणी मोजा. आठ आकड्यांतला सगळ्यात लहान आकडा जाडीसाठी धरा. सगळ्यात मोठा आणि लहान यांतला फरक थरथरीसाठी. जाडी कोरलेल्या आकड्याच्या जवळ आली असेल तर लेथवर फेसिंग मारण्यात, म्हणजे तोंड खरवडून सपाट करण्यात, अर्थ नाही, फेसिंगनंतर ती खालीच जाईल. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते, म्हणजे पुढच्या घाटात आणखी तापते.

डिस्कच्या दोन चकत्यांमधल्या हवा खेळायच्या फटी चिखलाने लिंपलेल्या असतात, त्याही मोकळ्या करा.

सगळ्यांत जास्त चुकणारी जागा: हबचा चेहरा

मागे पाटणकडचे एक भाजीवाले दादा आले. आल्या आल्या म्हणाले, "मिस्त्री, तिसरा जोड हाय हा. आता काय गाडीच इकू व्हय?" डिस्क चांगल्या मालाच्या होत्या, पॅड चांगले, पिन मोकळ्या. मी डिस्क नटांनी हबवर घट्ट बसवली, डायल गेज (तिरकेपणा मोजायचं काट्याचं मीटर) लावला आणि हाताने सावकाश फिरवली. काटा ०.१२ मिमीवर गेला आणि परत आला. बऱ्याच गाड्यांना मर्यादा ०.०५ ते ०.१० च्या दरम्यान असते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल.

डिस्क उतरवली. हबच्या सपाट तोंडावर, दोन बोल्टांच्या मध्ये, नखाएवढा गंजाचा पापुद्रा होता. वरून कोणीतरी फडकं मारलेलं, त्यामुळे तो चकचकीत, काळा दिसत होता. दादांना हाताला लावून दाखवला, तर म्हणाले, "येवढ्यानं?" एवढ्यानेच. हबचं तोंड लहान आणि डिस्क मोठी. तिथे कडेला ०.०५ चा कण अडकला की डिस्कच्या घेरावर त्याचा जवळपास दुप्पट तिरकेपणा होतो. तिन्ही जोड त्याच पापुद्र्यावर बसवले होते. वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, बोल्टांच्या मुळाशी स्क्रू ड्रायव्हरचं टोक, असं करत लखलखीत केलं. तीच डिस्क पुन्हा बसवली: ०.०७. मग काढून एक भोक पुढे फिरवून बसवली: ०.०४. हब आणि डिस्कचे छोटे दोष कधी एकमेकांत भर घालतात, कधी एकमेकांना खातात. भोक बदलून बघायला दहा मिनिटं जातात.

त्यांची डिस्क फार झिजली नव्हती, म्हणून गाडीवरच फेसिंग मारणाऱ्याकडे पाठवली. गाडीवरचं फेसिंग मला साध्या लेथपेक्षा बरं वाटतं, कारण डिस्क ज्या बैठकीवर फिरणार आहे तिच्यावरच सरळ होते. साध्या लेथवर डिस्क तिरकी पकडली तर नवाच तिरकेपणा कोरला जातो.

डायल गेज नसेल तर हे काम अर्धवटच राहतं. लोक तार बांधून, पेन टेकवून बघतात. त्याने मोठा दोष कळतो, पण आपण मिलिमीटरच्या शंभराव्या भागांविषयी बोलतोय.

बदलायचीच ठरली तर

दोन्ही बाजूंच्या एकदम बदला आणि पॅड नवे घ्या. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कच्या खाचा उमटलेल्या असतात.

कॅलिपर सोडला की तो होज पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला टांगा. होज बाहेरून धड दिसला तरी आतून फाटतो, आणि आतली फाटलेली झडप तेल जाऊ देते पण परत येऊ देत नाही. मग पॅड डिस्कला चिकटून राहतो. डिस्क गंजून हबला धरली असेल तर तिच्यावर असलेल्या आट्यांच्या भोकांत बोल्ट आवळून ती सुटते. हातोडा मारायचाच झाला तर डिस्क टाकायची आहे हे आधी ठरवा, आणि बेअरिंगला मार लागू देऊ नका. काही गाड्यांत डिस्क हबच्या मागून बोल्टने जोडलेली असते. तिथे अख्खा हब उतरवावा लागतो, म्हणजे बेअरिंग, ग्रीस, सील सगळंच आलं. ते काम पहिल्यांदा एकट्याने करू नका.

नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून तेलकट थर दिलेला असतो. ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजू पुसून काढा. पेट्रोल-डिझेलने पुसू नका.

पिस्टन मागे दाबताना वरच्या टाकीकडे बघत राहा. जुने पॅड असताना कोणी ब्रेक ऑइल काठोकाठ भरलं असेल तर ते उतू जातं आणि रंग खातं. पिस्टन हाताच्या साध्या शिकंजाने सहज मागे गेला पाहिजे. जीव काढून दाबावा लागत असेल तर तो आतून गंजलाय, आणि नव्या डिस्कचे पैसे वाया जायच्या आधी कॅलिपरचं किट बघा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवीन डॉट ४ ला किमान २३० अंशांपर्यंत उकळी येत नाही. ओल मुरल्यावर तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. घाटात कॅलिपर तापला की तेलात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो आणि पेडल रिकामं खाली जातं. दोन वर्षं झाली असतील तर याच कामात तेल बदलून हवा काढून घ्या. झाकणावर जे लिहिलंय तेच टाका.

सगळं बसलं, नट टॉर्कने आवळले, गाडी खाली आली. आता गाडी हलवायच्या आधी पेडल पंप करा. पिस्टन मागे ढकललेले आहेत, पहिल्या दाबाला ब्रेक लागणार नाही. माझ्याच एका पोऱ्याने गाडी तशीच मागे घेतली आणि गॅरेजच्या भिंतीला ठोकली. भिंतीवरची ती खूण मी मुद्दाम बुजवली नाही.

मग पॅड बसवायचे. मोकळ्या सपाट रस्त्यावर ५०-६० च्या वेगावरून १०-१५ पर्यंत मध्यम जोराने ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही. मध्ये अर्धा किलोमीटर गार होऊ द्या. असं आठ-दहा वेळा. त्यानंतर पाच-सात किलोमीटर ब्रेक न लावता चालवा. याने पॅडच्या मसाल्याचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर भरलेल्या गाडीने घाट टाळता आला तर टाळा. शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा टॉर्कने बघा.

चालवणाऱ्यासाठी

ज्या गिअरने घाट चढता त्याच गिअरने उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांना डिस्कचा खर्च सांगितला तरी पटत नाही, म्हणून आता फक्त बिल देतो. ब्रेकवर पाय ठेवून सतत घासत उतरू नका. जोराने दाबा, वेग कमी करा, सोडा, गार होऊ द्या. पायथ्याला पोचल्यावर तीन-चार किलोमीटर हळू चालवा, मग थांबा. थांबल्यावर पेडल दाबून बसू नका, गिअर टाका आणि चाकाखाली दगड लावा. आणि तापलेल्या चाकांवर पाइपने पाणी मारणाऱ्या पोराला आवरा. तापलेलं बीड अचानक गार झालं की तडकतं.

इथे पाना खाली ठेवा

पेडल दाबून धरल्यावर हळूहळू जमिनीला जात असेल, तर मास्टर सिलेंडर किंवा गळती. गाडी चालवत नेऊ नका, मिस्त्रीला जागेवर बोलवा किंवा गाडी टोचन करून न्या. आणि ब्रेक नसलेली गाडी दोरीने ओढायची नसते. बळकट दांडी लावा किंवा क्रेन बोलवा.

पेडल दगडासारखं कडक झालं असेल तर बुस्टर (पायाच्या दाबाला जोर देणारा डबा) किंवा त्याच्या व्हॅक्यूमचा प्रश्न आहे, त्याचा डिस्कशी संबंध नाही. एबीएसचा दिवा लागलेला असेल तर स्कॅनरवाल्याकडे जा. बोल्टच्या आट्या गेल्या असतील, ब्रॅकेटचा बोल्ट तुटला असेल, पाइप गंजून खपल्या निघत असतील, कॅलिपरचा पिस्टन हलत नसेल, तर घरी जुगाड नको. हब साफ करून, भोक बदलूनही डायल मर्यादेच्या आत येत नसेल तर हब किंवा बेअरिंगच वाकडं आहे. ते प्रेसवर बदलायचं काम आहे.

आणि घाटातच पेडल मऊ पडलं तर पंप करत राहा, गिअर एकेक खाली घ्या, हँडब्रेक बटण दाबून थोडा थोडा ओढा आणि डोंगराच्या बाजूला, दरीच्या नाही, गाडी लावा. अर्धा-पाऊण तास थांबलात की पेडल बऱ्याचदा परत येतं. परत आलं म्हणून उरलेला घाट भरल्या गाडीने उतरू नका. फोन करा, माल दुसऱ्या गाडीत घ्या. तेल उकळलेलं असतं, आणि पुढच्या दोन वळणांत ते पुन्हा उकळतं.